सगळं बंद केल्यावर

किस्से साठतात ते सरकारी इमारतीतल्या वायरींसारखे. नवी ओढणारा माणूस जुनी कधी काढत नाही. मग एक वायर खेचायला जावं, तर तिच्याबरोबर चार गुंते, दोन वाळलेल्या पाली आणि कुणाची तरी हरवलेली तंबाखूची डबी अंगावर येते! परवा आमच्या फरीदाबादच्या टपरीवर एकानं सहज विचारलं, "ताऊ, काम क्या करते थे?" मी तोंड उघडलं. त्याचा चहा गार झाला, टपरीवाल्यानं बाकडी आत घेतली, तरी माझं तोंड उघडंच!

तर आमचं काम असं. दिल्लीच्या आसपास ज्या नगरपालिका, नगर परिषदा आहेत ना, त्यांना वीज जपून वापरायला शिकवायचं. रस्त्यावरचे दिवे, पाण्याचे पंप, ऑफिसातले एसी, सगळं तपासायचं आणि कुठे फुकट जातंय ते सांगायचं. वीज कमी म्हणजे कोळसा कमी, कोळसा कमी म्हणजे धूर कमी. आमची मॅडम त्या धुराला 'उत्सर्जन' म्हणते. मी नववी नापास. मी धूरच म्हणतो. खोकला दोन्हीनं सारखाच येतो.

मॅडम म्हणजे दीपाली कांबळे. वडील सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये, त्यामुळे जन्म, शाळा, कॉलेज सगळं दिल्लीत. इंजिनीअर मोठी, पण मराठी अशी की "काका, मी सलाड काटते, तुम्ही बसा." गाडी चालवायला बलजीत, इथल्याच एका गावचा, बोलला तरी भांडतोय असं वाटणारा. मी सुतार आडनावाचा म्हातारा वायरमन, सरकारी नोकरीतून रिटायर झालेला, पॅनल उघडायला आणि लोकांची खेचायला ठेवलेला. आणि चौथा इनामदार.

सलीम इनामदार, मुक्काम पोस्ट बार्शी. हाही माझ्यासारखाच रिटायर, पण ज्युनिअर इंजिनीअर म्हणून, त्यामुळे शर्ट इस्त्रीचा. तरुणपणी दिल्लीत आला तो 'दोन-चार वर्षं काढतो आणि परत जातो' म्हणून. केस पांढरे झाले, तरी वाक्य तेच! "या दिवाळीनंतर जातो." "ईद झाली की जातो." जायचंच आहे म्हणून गड्यानं घरात कपाट घेतलं नाही, कपडे ट्रंकेत. जायचंच आहे म्हणून भिंतीला खिळा मारला नाही, कॅलेंडर खुर्चीवर उभं. मी म्हणायचो, "इनामदार, तू दिल्लीत राहत नाहीस, तू दिल्लीच्या वेटिंग रूममध्ये बसलायस."

तो चिडायचा. मला बरं वाटायचं. माझ्या घरात मराठी बोलायला उरलो होतो मी आणि टीव्ही. बायको गेली, पोरगा कॅनडाला, नातवंडं फोनवर "हाय आजोबा" म्हणून पळतात. मनसोक्त मराठी शिव्या द्यायला आणि खायला हा एकच माणूस होता. तेव्हा हा बार्शीला न गेलेलाच बरा, असं माझं साधं सरळ स्वार्थी मत होतं. आणि मी ते कधी लपवलंही नाही.

*

एका नगर परिषदेत आम्ही पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात. बाहेर डांबर वितळतंय. साहेबांच्या केबिनचं दार उघडलं आणि साहेब आत स्वेटर घालून बसलेले! हातविणीचा, मरून रंगाचा.

मॅडमनं अदबीनं विचारलं, "सर, तबीयत ठीक है?"

"तबीयत को क्या हुआ? ठंड लगती है."

एसी अठरावर. मॅडम म्हणाली, "चौबीस पे कर दें, सर?"

साहेब दचकले. "फिर पब्लिक को कैसे पता चलेगा कि साहब का कमरा है?"

मॅडमच्या पीपीटीत ही स्लाइडच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. एसी सव्वीसवर केला, आकडा दिसतो तिथे 'अठरा' असं छापलेलं चकचकीत स्टिकर चिकटवलं, आणि रिमोट शिपायाच्या खिशात. साहेब आले, आकडा बघितला, स्वेटर चढवला आणि हात चोळत म्हणाले, "आज तो कमाल की ठंडक है!"

महिनाभर तो माणूस सव्वीस डिग्रीत स्वेटर घालून घामानं निथळत बसला, पण समाधानानं! बिल उतरलं. इनामदारनं रिपोर्टमध्ये गंभीरपणे लिहिलं, 'अधिकाऱ्यांच्या सोयीत कोणतीही घट नाही.'

*

आता आमची खरी मजा. कुठल्याही इमारतीत मॅडमची एक परीक्षा असायची. रविवारी, ऑफिस रिकामं असताना जायचं आणि एकूण एक गोष्ट बंद करायची. पंखे, दिवे, कॉम्प्युटर, पाण्याचा कूलर, पार संडासातला बल्बसुद्धा. मग खाली मीटरसमोर उभं राहायचं. हल्लीचे मीटर फिरत नाहीत, त्यांच्यावर एक लाल टिकली लुकलुकते. टिकली थांबली, तर इमारत पास. सगळं बंद करूनही लुकलुकतच राहिली, तर कुठेतरी काहीतरी गुपचूप वीज पितंय. ते सापडल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही!

शोधायचं काम इनामदारचं. मीटरपाशी मी. तो वरच्या मजल्यावरून ओरडायचा, "माझ्याकडून सगळं बंद!" मी खालून, "टिकली चालू! वर बघ!" हे वाक्य मी इतक्या वेळा ओरडलोय की झोपेतही ओरडत असेन.

आणि माझ्या पिशवीत होता एक झिरोचा बल्ब. होल्डर, वायर, प्लग, सगळं जोडून तयार. जिथे जाऊ तिथे मी तो आधीच कुठेतरी लावून ठेवायचो. कधी फायलींच्या रॅकमागे, कधी टेबलाच्या पोटात, एकदा तर नगराध्यक्षांच्या खुर्चीखाली! बिचारा इनामदार इस्त्रीच्या शर्टात हातापायांवर रांगत प्रत्येक खोली धुंडायचा, आणि मी खाली मीटरसमोर बलजीतबरोबर शेंगा खायचो.

शेवटी सापडायचा. मग धुळीनं माखलेला इनामदार जिना उतरून यायचा.

"सुतार, तू मरत का नाहीस रे?"

"तू बार्शीला जाईपर्यंत नाही!"

एके दिवशी मात्र त्यानं तो बल्ब परत दिला नाही. रुमालात गुंडाळला, आपल्या बॅगेत टाकला आणि चेन लावली. "जप्त!"

मी खूप मागितला. नवा पाच मिनिटांत मिळाला असता, पण आपला तो आपला. तो म्हणाला, "माझ्याबरोबर बार्शीला जाईल हा. तिथे तुझा हात पोचायचा नाही."

*

नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्याकडे नोव्हेंबरात आभाळ नसतं, राखेची गोधडी असते. एका गावात आम्ही रस्त्यावरच्या दिव्यांना सेन्सर बसवले होते. अंधार पडला की दिवे आपोआप लागणार, उजाडलं की विझणार. माणसाच्या आळशीपणावर भरवसाच ठेवायचा नाही, अशी मॅडमची योजना.

आणि भर दुपारी जेवणाच्या वेळेला सगळ्या गावातले दिवे भस्सकन लागले!

तिथला इंजिनीअर धावत आला. "मैडम, आपका सेन्सर खराब है!"

मॅडमनं वर बघितलं. सूर्य कुठेच नव्हता. समोरचा पेट्रोल पंप दिसत नव्हता. कबुतरं वळचणीला जाऊन बसली होती. सेन्सरला वाटलं संध्याकाळ झाली, आणि त्याचं चुकलंही नव्हतं.

एवढ्यात इनामदार खुर्चीवरून उठला. पाण्याची बाटली बॅगेत, डबा बॅगेत, मफलर गळ्यात.

"कुठे निघालास?"

"दिवे लागले की! दिवेलागणीला माणसानं घरात असावं."

"अरे, आत्ता दुपार आहे!"

त्यानं घड्याळ बघितलं आणि ओशाळून परत बसला. मॅडमनं विचारलं, "इनामदारकाका, दिवेलागणी म्हणजे काय? लाइट लावायचा टाइम?"

इनामदार सांगायला लागला. बार्शीला बापाचं लाकडाच्या वखारीजवळ दुकान. पोरं अंधार पडेपर्यंत बाहेर हुंदडायची. मग आई दारात कंदील टांगायची, आणि हाक मारायची नाही. नुसता टांगायची. गल्लीच्या टोकावरून तो दिसला की कळायचं, आता जायचं. "हाक मारलेली कधी आठवतच नाही बघ. दिवा लागला की पाय आपोआप वळायचे."

मला असलं जास्त वेळ सोसत नाही. म्हणून मी म्हटलं, "म्हणजे तुझ्यातच सेन्सर बसवलाय! मॅडम, याला खांबावर चढवा, खर्च वाचेल!"

सगळे हसले. इनामदार सोडून. तो खिडकीतून त्या दुपारच्या दिव्यांकडे बघत बसला होता, आणि त्यानं मफलर काही काढला नाही.

*

हिवाळ्यात एका नगरपालिकेच्या गच्चीवर सोलर लावलं. मोठा समारंभ, फीत, पेढे. जानेवारीत मॅडमला मोबाईलवर दिसलं, की सोलरची वीज अचानक बंद! रोज दहाच्या सुमाराला बंद, तीनला पुन्हा थोडीशी सुरू.

आम्ही गाडी घेऊन पळालो. ऑफिसात गेलो तर चिटपाखरू नाही. खुर्च्या रिकाम्या. दिवे बंद, हीटर बंद. वर गच्चीत गेलो. अख्खी नगरपालिका तिथे! बायका लोकर घेऊन विणतायत, हेडक्लार्क संत्रं सोलतायत, जन्म-मृत्यू विभाग शेंगा फोडतोय. आणि प्रत्येक सोलर पॅनलवर कुणाची ना कुणाची रजाई वाळत घातलेली! घरून आणलेल्या, फुलाफुलांच्या.

मॅडमचा आवाज चढला. "ये क्या है?"

एक आजीबाई क्लार्क प्रेमानं म्हणाल्या, "बेटा, धूप सीधी यहीं पड़ती है. बड़ी अच्छी चीज़ लगवाई आपने!"

मॅडमनं डोक्याला हात लावला. मी खाली जाऊन मीटर बघून आलो. सोलरची वीज शून्य, खरंय. पण खाली एक दिवा नाही, एक हीटर नाही, एक किटली नाही! वर्षभरातली सगळ्यात कमी वीज त्या दिवसांतच लागली होती.

"आता रिपोर्टमध्ये हे काय लिहू?" मॅडम रडकुंडीला आली.

इनामदार संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणाला, "लिहा, 'लोकसहभागातून बचत'."

*

मग आली मॅडमची चुलीविरुद्धची मोहीम. गॅस नको, धूर नको, सगळ्यांनी विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करायचा, आणि सुरुवात आपल्या टीमपासून. आम्हाला एकेक इंडक्शन मिळालं. काळं, गुळगुळीत, आरशासारखं. मी त्यात बघून दाढी केली.

इनामदार मात्र आज्ञाधारक. बार्शीहून भावानं ज्वारीचं पीठ पाठवलेलं होतं. त्यानं तवा ठेवला, भाकरी थापली, पाणी फिरवलं, उलटली. आता फुगवायची कशी? जाळ कुठंय? भाकरी आपली सपाट, सरकारी शिक्का मारल्यासारखी!

सोमवारी त्यानं मॅडमला बाकायदा अहवाल दिला. किती वीज, किती वेळ, किती बचत. खाली 'शेरा' म्हणून एकच ओळ. 'भाकरी फुगत नाही.'

मॅडम म्हणाली, "काका, चव तर तीच असेल ना?"

इनामदारनं तिच्याकडे असं बघितलं की तिनं विषय बदलला.

पण आठवडाभर गडी जेवताना डबा उघडायचा, सपाट भाकरीकडे बघायचा, झाकायचा. शेवटी मलाच बघवेना. मी बलजीतला म्हटलं, "तुझ्या घरी चूल आहे?" तो मान डोलावत म्हणाला, "ताऊ, सै तो. पर मैडम?" मी म्हटलं, "मॅडमला सांगू पंप बघायला जातोय."

बलजीतच्या अंगणात त्याची आई चुलीपुढे बसलेली. इनामदारनं पिठाची पिशवी काढली, हात धुतले, भाकरी थापली आणि तव्यावरून काढून जाळापुढे उभी केली. म्हातारी डोळे बारीक करून बघत होती. भाकरी टम्म फुगली!

इनामदार लहान पोरासारखा ओरडला, "बघ! बघ सुतार!"

म्हातारी म्हणाली, "इसमें के देखै सै? रोटी सै, आग पै ई फूलैगी!"

आणि नेमकी त्याच वेळी दारात मॅडम! गावातला पंप बघायला आली होती, बिचारी खरंच, आणि बाहेर आमची गाडी दिसली. एकीकडे अंगणभर गोवऱ्यांचा धूर, दुसरीकडे प्रदूषण कमी करणारी आमची अख्खी टीम चुलीत फुंकर घालतेय! माझी तर वाचाच बसली, आणि माझी वाचा बसलेली इनामदार-बलजीतनं पहिल्यांदाच पाहिली.

मॅडमनं चपला काढल्या, खाटेवर बसली, भाकरीचा पापुद्रा उचलून बघितला, आत वाफ. तिखट-तेल लावून एक खाल्ली. दुसरी खाल्ली. मग म्हणाली, "माझी आजी अशी करायची. मी विसरूनच गेली होती."

उठताना हात पुसत ती एवढंच म्हणाली, "आजचा कार्बन माझ्या नावावर."

परतीच्या वाटेवर इनामदारच्या मांडीवर रुमालात बांधलेली एक भाकरी होती. "कुणाला?" मी विचारलं. "कुणाला नाही," तो म्हणाला. "गरम आहे. नुसती धरलीय."

*

गुरुग्रामच्या एका मोठ्या हॉटेलात आमचा सेमिनार होता. विषय, एसीचा वापर कमी करणे. हॉलमध्ये एवढी थंडी की माईकला गारठून शिंका येतील! मी मॅनेजरला म्हटलं, जरा कमी करा. तो म्हणाला, "सर, सेंट्रल है." दिल्लीत कुठलीही गोष्ट आपल्या हातात नाही असं सांगायचं असलं की 'सेंट्रल है' म्हणतात.

इनामदार कुडकुडत होता. स्टेजमागे सत्काराच्या शाली रचून ठेवलेल्या. मी एक त्याला दिली, एक बलजीतला, एक मी घेतली. मग मागच्या रांगेतल्या दोन म्हातारबुवांना. मग त्यांच्या मित्रांना. समाजसेवेला अंत नसतो!

सत्काराची वेळ आली. मॅडमनं माईकवरून पाहुण्यांचं नाव घेतलं, मागे हात केला, आणि टेबलावर फक्त नारळ!

इनामदारनं क्षणभर विचार केला. अंगावरची शाल काढली, नीट चौघडी केली, पुढे गेला आणि अदबीनं पाहुण्यांच्या खांद्यावर घातली.

पाहुण्यांचे डोळे पाणावले. "वाह! ऐसा गर्मजोशी का स्वागत आज तक नहीं हुआ. शॉल सचमुच गर्म है!"

*

शेवटचं गाव. इनामदार या वेळी म्हणाला होता, "हे काम झालं की जातो." मी मनावर घेतलं नाही. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते 'राम राम'सारखं वाटायचं.

नगर परिषदेची जुनी तीन मजली इमारत. रविवार, हिवाळ्यातलं कोवळं ऊन. इनामदारनं सगळं बंद केलं. "माझ्याकडून सगळं बंद!"

टिकली लुकलुकतेय.

"वर बघ!"

त्यानं पुन्हा सगळ्या खोल्या पाहिल्या. मग खाली आला आणि आधी माझी पिशवी तपासली. मग खिसे. "आईशप्पथ, मी नाही!" मी म्हटलं. बल्ब तर त्याच्याच बॅगेत होता! जन्मात पहिल्यांदा मी निर्दोष होतो आणि कुणी विश्वास ठेवायला तयार नाही.

मग चौघंही शोधायला लागलो. दुसऱ्या मजल्याच्या बोळात बलजीत थांबला. "ताऊ, कुछ चल रहा है." भिंतीवर प्लायवूड ठोकलेलं, त्यावर 'स्वच्छता अपनाएँ' असं पोस्टर. कान लावला. आत घूं घूं आवाज.

चौकीदाराला बोलावलं. तो म्हणाला, "इसके पीछे लिफ़्ट है जी. पुराने चेयरमैन साहब के लिए लगी थी. उनसे सीढ़ी नहीं चढ़ी जाती थी. वो गुज़र गए, फिर लिफ़्ट भी बंद हो गई, तो ढक दी."

प्लाय काढलं. जाळीचा दरवाजा. आत छोटीशी लिफ्ट, पिवळा दिवा लागलेला. कोपऱ्यात लाकडी खुर्ची, गादी घातलेली, त्यावर बसल्याचा खळगा तसाच. आणि वर छोटा पंखा, फिरतोय. त्या रिकाम्या खुर्चीवर वारा घालतोय. किती वर्षं, कोण जाणे.

चौकीदार हळूच म्हणाला, "साहब को गर्मी बहुत लगती थी."

मला एक जोक सुचला होता. तो मी गिळला.

मॅडम म्हणाली, "इनामदारकाका... बंद करा."

इनामदारनं स्विचवर हात ठेवला. ठेवून उभा राहिला. मग बंद केला. दिवा लगेच गेला, पण पंखा आपला फिरतच होता, हळू, अजून हळू, आणि तो पूर्ण थांबेपर्यंत आमच्यापैकी कुणी जागचं हललं नाही.

जिना उतरताना इनामदार म्हणाला, "सुतार, मी जातो."

दिवाळी नाही, ईद नाही. नुसतं 'जातो'. मला कळलं, या वेळी हा जाणार.

*

निघायच्या आदल्या दिवशी त्याला जेवायला बोलावलं. मी पिठलं केलं. माझ्या पिठल्यात गुठळ्या इतक्या की त्यानं विचारलं, "ही भजी आहेत का?" जेवण झालं, तेव्हा दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. म्हणाला, "आतली खोली वापरतो." मी म्हटलं, "वापर की." दार लोटून घेतलं. मला वाटलं आज जरा जास्तच वेळ लागला. म्हटलं, असेल, उद्या जायचंय, मागायचं असेल काही जास्तीचं.

बाहेर आला तेव्हा गुडघ्यांना धूळ होती. मी काही विचारलं नाही. असल्या वेळी माणूस कुठे निरखून बघतो?

स्टेशनवर त्याची ट्रंक मीच उचलली. "किती जड रे! दिल्ली भरून नेतोस काय?" तो म्हणाला, "नाही. काही इथेच ठेवलंय." मला वाटलं, वयामुळे जरा भावुक झालाय.

गाडी गेली. बलजीतनं मला घरी सोडलं. वाटेत तो एरवी भांडतो, त्या दिवशी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

पुढचे रविवार कसे गेले विचारू नका. घर माझं तेच, पण टीव्हीचं मराठी काही उलटून बोलत नाही. एका रविवारी करायला काही नव्हतं म्हणून मी घरातलं सगळं बंद केलं. पंखा, दिवे, गिझर, फ्रिजसुद्धा. मोबाईलचा चार्जर काढला. टीव्हीचा प्लग उपसला. मग बाहेर जिन्याखालच्या मीटरसमोर जाऊन उभा राहिलो. उगाच. सवय.

टिकली लुकलुकत होती.

मी ओरडलो, "टिकली चालू! वर बघ!" वरच्या मजल्यावरच्या शर्मा बाईंनी खाली वाकून बघितलं. "भाईसाहब, किससे बात कर रहे हो?"

आत गेलो. पलंगाखाली रांगलो. फ्रिजमागे, कपाटामागे, माळ्यावर, बायकोच्या शिलाई मशीनच्या पोटात. गुडघे भरून आले, शर्ट धुळीनं माखला. बाहेर येऊन बघतो, टिकली चालूच! पुन्हा आत. नाहीच सापडलं. शेवटी जमिनीवर बसूनच बार्शीला फोन लावला.

"इनामदार, माझा बल्ब कुठंय?"

"काय कुठंय?"

"साळसूद बनू नकोस! मीटर चालू आहे माझा!"

मग तो हसायला लागला. इतकी वर्षं त्याला ओळखतो, पण हे हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. मोठ्यानं, खोकला लागेपर्यंत, थांबून पुन्हा. मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं हो भाईजान?"

"शोध की लेका!"

"सगळीकडे शोधलं. दमलो रे. आता गुडघे नाही वाकत. सांग ना."

"सापडत नाही म्हणतोस?"

"नाही."

"मग राहू दे चालू," इनामदार म्हणाला. "मॅडमला सांगू नकोस."